सूत्र मोठ्याने वाचा

चांगला शिकलेला माणूस एखादा लेख वाचत असतो. परिच्छेदामागून परिच्छेद नीट चाललेले असतात. मध्येच एक ओळ येते; तिच्यात कंस, घातांक, एखादी ग्रीक खूण. डोळे त्या ओळीपाशी थांबत नाहीत, थेट खालच्या परिच्छेदावर उतरतात. वाचन पुढे सुरू राहतं, पण लेखातली सगळ्यात मोलाची ओळ मागे राहून जाते. ही उडी मी कित्येक वर्षं मारली आहे. ती मारणारे डॉक्टर, वकील, संपादक, भाषेचे प्राध्यापक मी पाहिले आहेत. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "आपलं गणित कच्चं आहे हो."

मला हे उत्तर मान्य नाही. गणित कच्चं असेलही, पण उडीचं कारण त्याच्याही आधीचं आहे. ती ओळ वाचायची कशी, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. 'वाचायची' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरते आहे. तोंडाने, आवाज काढून. ज्या ओळीचा उच्चार येत नाही ती ओळ मनात ठरत नाही, तिच्याबद्दल कुणाला काही विचारता येत नाही, फोनवरून सांगता येत नाही, तिच्याशी भांडताही येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की गणिताची चिन्हं शाळेत अक्षरांसारखी वाचायला शिकवली पाहिजेत, आणि जो कुणी सर्वसामान्य वाचकांपुढे सूत्र ठेवतो त्याने त्या सूत्राचं वाचन सोबत दिलंच पाहिजे. ते वाचकाचं येणं आहे.

माझ्यापुरतं हे प्रकरण ∑ या खुणेपासून सुरू झालं. कॉलेजात संख्याशास्त्राचा एक विषय होता. शिक्षक फळ्यावर लिहीत आणि बोलत जायचे, पण या खुणेपाशी आले की खडू टेकवून "आणि हे असं" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. मी ती खूण वहीत चित्रासारखी उतरवून घेतली. दोन वर्षं ती माझ्यासाठी चित्रच होती. मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका मैत्रिणीने सूत्र पाठ करताना तिच्याजागी सहज म्हटलं, "या सगळ्यांची बेरीज." एवढंच. जी गोष्ट मी पहिलीपासून करत आले होते तीच त्या चित्रामागे बसलेली होती. मला आनंद झाला नाही, राग आला. दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागला असता?

पुढे कळलं की ही खूण लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७५५ मध्ये वापरली. ग्रीकांचा 'स', 'सुम्मा' या लॅटिन शब्दाचं आद्याक्षर. सुम्मा म्हणजे बेरीज. कलनशास्त्रातली ती उंच, वाकलेली ∫ ही खूणसुद्धा लांबवलेला 'स'च आहे. लाइब्निट्स या जर्मन गणितज्ञाने ती १६७५ मध्ये आपल्या टिपणांत लिहिली, तीही सुम्मा याच शब्दासाठी. गणिताबाहेरच्या माणसाला सगळ्यात परक्या वाटणाऱ्या दोन खुणा म्हणजे 'बेरीज' या शब्दाचं पहिलं अक्षर, दोन वेगळ्या वळणांनी काढलेलं. मराठीत त्या जन्माला आल्या असत्या तर आपण 'बे' लिहून मोकळे झालो असतो, आणि त्या 'बे'ला कुणी घाबरलं नसतं.

चिन्हं मुळात लघुलेखन आहेत हे एकदा लक्षात आलं की बरंच काही सैल होतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला त्यात एकही चिन्ह नाही. सगळं गणित वाक्यांत. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण असं आहे: एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून एकोणचाळीस होतात, तर तो वर्ग कोणता? त्याची रीतही वाक्यांतच. मुळांची संख्या अर्धी करा, पाच. पाचाला पाचाने गुणा, पंचवीस. ते एकोणचाळिसात मिळवा, चौसष्ट. त्याचं मूळ घ्या, आठ. त्यातून ते पाच वजा करा, तीन उरतात. हेच मूळ, वर्ग नऊ. करून बघा: नऊ अधिक तीस, एकोणचाळीस.

आज आपण ते असं लिहितो:

क्ष² + १०क्ष = ३९

या ओळीत ख्वारिझ्मीच्या वाक्यापेक्षा एक कणही जास्त गणित नाही. फक्त जागा कमी लागते आणि सगळं एका नजरेत मावतं. ते मोलाचं आहे, कारण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते आणि ओळ मात्र डोळ्यांसमोर राहते. बरोबरीचं चिन्ह आणणाऱ्या रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये कारण दिलं तेही याच जातीचं. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा टाळण्यासाठी मी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा वापरतो, कारण त्यांच्याहून एकसारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असं त्याने लिहिलं. म्हणजे = ही खूण जन्मली तेव्हा तिच्या शेजारी तिचं वाचनही छापलेलं होतं. आपण पुढच्या पिढ्यांना खूण दिली आणि वाचन गाळलं.

आपल्याकडच्या गणित्यांचं लघुलेखन तर मला फारच आवडतं. अज्ञात संख्येला त्यांनी 'यावत्तावत्' म्हटलं, जितकं असेल तितकं. दुसरी अज्ञात संख्या आली तर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक, रंगांची नावं. लिहिताना पहिलं अक्षर: या, का, नी. ज्ञात संख्येला 'रू', म्हणजे रूप. वर्गाला 'व'. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. वरचं ख्वारिझ्मीचं उदाहरण या पद्धतीत असं बसतं:

याव १ या १० रू ०
याव ० या ० रू ३९

यात बरोबरीचं चिन्ह नाही, तरी अडत नाही. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती 'याव'. यावत्तावत् आधी, वर्ग नंतर. म्हणजे 'यावत्तावत्चा वर्ग' असं आपण ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहिलेलं. चिन्ह आणि जीभ एकाच वाटेने चालतात.

इथून मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येते, आणि त्याबद्दल मी मराठीत फारसं बोललेलं ऐकलेलं नाही. आज जगभर चालणारी चिन्हांची ओळ युरोपीय भाषांच्या वळणाने मांडलेली आहे. त्या भाषांत क्रियापद मध्ये येतं आणि 'चं', 'ची', 'पेक्षा' या अर्थाचे शब्द नामाच्या आधी येतात. क्ष < ५ ही ओळ त्या भाषांत डावीकडून उजवीकडे जशीच्या तशी वाचता येते. मराठीत आपण म्हणतो, "क्ष पाचापेक्षा लहान आहे." डोळ्यांना क्रम दिसतो क्ष, खूण, पाच, जिभेला हवा असतो क्ष, पाच, खूण. √९ मध्ये खूण आधी आहे. बोलण्यात "नऊचं वर्गमूळ", वर्गमूळ शेवटी. फलन, म्हणजे एका संख्येवरून दुसरी काढायचा नियम, लिहिताना त्याचं अक्षर आधी आणि क्ष कंसात. बोलताना "क्षचं फलन". ∑ ओळीच्या तोंडाशी उभी असते; तिचा 'बेरीज' हा शब्द मात्र सगळं सांगून झाल्यावर येतो. मराठीतच असं होतं असं नाही. तमिळ, कन्नड, तुर्की, जपानी, कोरियन, अशा क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या सगळ्याच भाषांच्या वाचकांना ही उलटापालट करावी लागते.

आपल्या शिक्षकांच्या पिढ्यांनी यावर मूकपणे उपाय शोधले आहेत, आणि त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. √२५ ला वर्गात "वर्गमूळात पंचवीस" म्हणतात. तो 'त' मुद्दाम जोडलेला आहे. त्यामुळे खूण आधी आली तरी वाक्य मोडत नाही. 'तीन छेद चार' मधला 'छेद' तसाच. 'गुणिले', 'भागिले' ही जुनी रूपं आहेत; "बारा भागिले तीन" म्हणजे बाराला तिनाने भागले. मधोमध बसणाऱ्या खुणेसाठी भाषेने एक मधोमध बसणारा शब्द जपून ठेवला. पण ही शिदोरी अंकगणित आणि थोड्या बीजगणितापर्यंतच पुरते. < पाशीच ती अडखळते. "तीन लहान पाच" असं पुटपुटणारी आणि मग कोण कोणापेक्षा लहान यात हरवणारी मुलं कुठल्याही वर्गात भेटतील. त्यांना लहान-मोठं कळत नाही असं नाही. ओळ कुठून वाचायची हे त्यांना सांगितलेलं नाही.

मराठी वाचनातली सगळ्यात मोठी अडचण मात्र जिथे सगळं सोपं वाटतं तिथे आहे. = ला आपण 'बरोबर' म्हणतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ समान, एका पातळीवरचं, हाच. म्हणजे निवड उत्तम होती. पण रोजच्या मराठीत 'बरोबर' म्हणजे 'चूक नसलेलं' आणि 'सोबत'सुद्धा. वहीवर शिक्षक बरोबरची खूण करतात, उत्तर बरोबर येतं. त्यामुळे "दोन अधिक दोन बरोबर चार" हे वाक्य मुलाच्या कानात "दोन अधिक दोन, आता उत्तर सांग" असं शिरतं. बरोबरी म्हणजे दोन बाजूंमधलं नातं. त्याच्याजागी एक आज्ञा येऊन बसते.

८ + ४ = ☐ + ५

गणित शिकवण्याबद्दलच्या संशोधनात हा प्रश्न फार प्रसिद्ध आहे. चौकटीत काय येईल? पुष्कळ मुलं १२ लिहितात, काही १७. मी हा प्रश्न ओळखीतल्या चौथीतल्या एका मुलीसमोर ठेवला. तिने क्षणभरही न थांबता १२ लिहिले, आणि मग उरलेल्या + ५ कडे बघून म्हणाली, "हे चुकून छापलंय का?" मी ओळीला हात लावला नाही, फक्त वाचून दाखवली: "आठ अधिक चार, आणि चौकट अधिक पाच, दोन्ही सारखेच." तिने पेन्सिल उलटी केली, १२ खोडले, बोटांवर काहीतरी केलं आणि ७ लिहिले. मी तिला कुठलीही नवी रीत शिकवली नव्हती. तिच्यात आणि उत्तरात जो अडथळा होता तो वाचनाचा होता.

मोठ्यांनाही हा अडथळा दुसऱ्या रूपात भेटतो. संगणकाची आज्ञावली शिकू लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी 'क्ष = क्ष + १' अशी ओळ दिसते आणि तो गोंधळतो. कुठली संख्या स्वतःहून एकाने मोठी असेल? इथे = म्हणजे 'उजवीकडचं मोजून डावीकडच्या खणात ठेव'. १९५७ मधल्या फोरट्रान या संगणकाच्या भाषेने ही खूण या कामाला लावली आणि पुढे अनेक भाषांनी तीच उचलली. अल्गोल या दुसऱ्या भाषेच्या कर्त्यांनी त्यासाठी := अशी वेगळी खूण काढली; ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण खूण कोणतीही असो, शिकवणाऱ्याने "क्षमध्ये एक मिळव" असं वाचून दाखवलं तर गोंधळ तिथल्या तिथे मिटतो.

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप माझ्याच क्षेत्रातला, म्हणजे सामान्य वाचकांसाठी लिहिणाऱ्यांचा. ते म्हणतात, सूत्रं काढूनच टाका ना. स्टीफन हॉकिंग यांनी १९८८ मधल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या आरंभी सांगितलंय की प्रत्येक समीकरणामागे खप निम्म्याने घटेल असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं. म्हणून त्यांनी आइन्स्टाइनचं एकच समीकरण ठेवलं. हा किस्सा लेखनाच्या कार्यशाळांमध्ये नियमासारखा सांगितला जातो. मला तो सल्ला वाचकाचा अपमान करणारा वाटतो. सूत्र काढलं की त्याच्याजागी उपमा येते, आणि उपमेतून काहीच ताडून पाहता येत नाही. लेखक सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच वाचकाच्या हाती उरतं. सूत्र समोर असेल तर त्यात स्वतःच्या संख्या घालून बघता येतात.

प्रमाण विचलनाचंच घ्या. 'आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप' असं त्याचं वर्णन करतात. वर्णन चांगलं आहे, पण त्यावरून ते काढता येत नाही. सूत्र असं:

√( ∑(क्ष − म)² ÷ न )

ही तीच ओळ जिच्यावरून लोक उडी मारतात. म म्हणजे सरासरी, न म्हणजे एकूण किती आकडे. आता ती मराठीत वाचू: क्ष आणि सरासरी यांच्यातल्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एकूण संख्येने भागून जे येईल त्याचं वर्गमूळ. आपण कुठून सुरू केलं बघा. सगळ्यात आतल्या कंसापासून. मग वर्ग, मग बेरीज, मग भागाकार, आणि सगळ्यात बाहेरचं वर्गमूळ सगळ्यात शेवटी. हिशेबही नेमका याच क्रमाने करायचा असतो. इंग्रजीत हेच सूत्र बाहेरून आत वाचलं जातं: वर्गमूळ, कशाचं, बेरजेचं, कशाच्या, वर्गांच्या. तो वाचक वाक्य संपल्यावर परत उलट फिरतो तेव्हा हिशेब सुरू होतो. मघाशी जी अडचण वाटत होती तीच इथे आपली सोय झाली. मराठीत सूत्र नीट वाचलं की ती कृतीच होते.

करून बघू. आकडे ३, ९, ११, १७. सरासरी १०. फरक −७, −१, १, ७. वर्ग ४९, १, १, ४९. बेरीज १००. चाराने भागले, २५. वर्गमूळ ५. आता दुसरे चार आकडे, ९, १०, १०, ११. सरासरी तीच, १०. फरकांचे वर्ग १, ०, ०, १. बेरीज २, भागिले चार, अर्धा. वर्गमूळ सुमारे ०.७. एका गटाची सरासरी दहा आणि पसारा पाच. दुसऱ्याची सरासरी दहाच, पसारा पाऊणाहूनही कमी. सरासरीचा आकडा एकटा किती लपवतो हे वाचकाला आता स्वतःच्या हाताने कळलेलं आहे. वर्ग का घेतले, हा प्रश्नही त्याला आपोआप पडेल: फरक नुसते मिळवले असते तर −७ आणि ७ एकमेकांना खाऊन बेरीज शून्य झाली असती. उपमेत हे काही मावलं नसतं.

दुसरा आक्षेप गणित जाणणाऱ्यांचा. चिन्हं जगभर एकच आहेत, तर्कशुद्ध आहेत, ज्याला हवं त्याने बसून शिकावीत. शब्दांत वाचत बसलात तर ज्या ओझ्यातून सुटायला चिन्हं आली तेच परत डोक्यावर घ्याल. यातलं शेवटचं वाक्य मी मानते. सराव झालेल्याने मनातल्या मनात शब्द म्हणत बसायचं काहीच कारण नाही. सराईत वाचकही अक्षर अक्षर लावत नाही. पण अक्षर लावण्याच्या टप्प्यातून तो एकदा गेलेला असतो.

बाकी 'एकच' आणि 'तर्कशुद्ध' हे काही खरं नाही. त्रिकोणमितीतल्या साइनच्या डोक्यावर २ लिहिला तर किमतीचा वर्ग करायचा. तिथेच −१ लिहिला तर व्यस्त घ्यायचा नाही, उलट फलन घ्यायचं. एकाच जागी एकाच आकाराचा आकडा, आणि नियम दोन. एका उभ्या रेघांच्या जोडीत संख्या असेल तर केवलमूल्य, संच असेल तर घटकांची संख्या, सारणी असेल तर निश्चयक. शून्य नैसर्गिक संख्यांत धरायचं की नाही यावर आजही पुस्तकागणिक मत बदलतं. १,२३४ म्हणजे भारतात बाराशे चौतीस. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये तेच एकापेक्षा थोडं जास्त, कारण तिथे स्वल्पविराम हाच दशांश चिन्ह. ÷ ही खूण योहान रान याने १६५९ मध्ये भागाकारासाठी छापली, पण उत्तर युरोपात काही ठिकाणी ती बराच काळ वजाबाकीसाठी चालत होती. आणि बख्शाली या जुन्या भारतीय गणिती हस्तलिखितात ऋण संख्येनंतर जी खूण आहे ती हुबेहूब आपल्या अधिकसारखी. खुणेत अर्थ उपजत नसतो. तो कुणीतरी ठरवलेला असतो आणि म्हणून सांगावा लागतो.

गणितज्ञांच्याच इतिहासात याची किंमत मोजलेली दिसते. न्यूटन बदलाचा वेग अक्षराच्या डोक्यावर टिंब देऊन दाखवायचा. लाइब्निट्सचं लेखन वेगळं, हाताळायला पुष्कळ सोपं. श्रेय कुणाचं या वादात ब्रिटिशांनी शतकभर टिंब सोडलं नाही आणि युरोपातल्या कामापासून ते दूर पडले. शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजच्या बॅबेज, हर्शल आणि पीकॉक या तरुणांनी लाइब्निट्सची चिन्हं आणण्यासाठी मंडळ काढलं, आणि १८१७ मध्ये पीकॉकने ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतच घातली. त्या विषयात मुरलेल्या माणसांनाही खुणेची निवड इतकी नडू शकते. मग बाहेरच्या वाचकाला "बसून शिका" म्हणणं मला रास्त वाटत नाही.

हा सगळा प्रश्न गणिताच्या तासापुरता राहिला असता तर मी एवढ्या पोटतिडकीने लिहिलं नसतं. २०२० मध्ये जगभरच्या बातम्यांत एक अक्षर आलं: 'आर', आणि त्याच्या पायाशी बारीक शून्य. ते शून्य गुणाकाराचं नाही; ते 'अगदी सुरुवातीला, कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना' असं सांगणारं आहे. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना आजार देईल, तो आकडा. हे वाचन पुष्कळदा दिलंच गेलं नाही. 'आर दोन आहे की तीन' यावर माणसं बोलत होती, तेव्हा दोन आणि तीन यांत फरक केवढा हे किती जणांना वाचता आलं? दोन धरला तर दहाव्या फेरीला १,०२४ नवे बाधित. तीन धरला तर ५९,०४९. २¹⁰ आणि ३¹⁰. घातांकाचा तो छोटासा आकडा "तीच संख्या दहा वेळा मांडून गुण" असं म्हणतो, एवढं वाचता येणाऱ्याने त्या वर्षीच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचल्या असतील. कर्जाचं व्याज, निवृत्तिवेतन, परीक्षेतल्या गुणांचं समानीकरण, सगळीकडे निर्णय सूत्राने होतात आणि सूत्र कागदावर छापलेलं असतं. ज्याचं आयुष्य त्या ओळीने ठरतं त्याला ती वाचता येत नसेल, तर ती ओळ छापूनही गुप्तच राहते.

मी जे मागते आहे ते फार खर्चाचं नाही. सामान्य माणसापर्यंत जाणाऱ्या कुठल्याही कागदात सूत्राखाली एक ओळ: हे असं वाचा. पाठ्यपुस्तकात नवीन खूण आली की तिथेच तिचं वाचन आणि, जमलं तर, ती कुठल्या शब्दाचं लघुरूप आहे ते. तोंडी परीक्षेत काही गुण निव्वळ सूत्रवाचनाला. उत्तर काढायचं नाही, फक्त वाचून दाखवायचं, समोरच्याने ते ऐकून लिहायचं, आणि दोन्ही ओळी जुळल्या पाहिजेत.

ही शेवटची कसोटी माझी नाही. एब्राहम नेमेथ हे जन्मापासून अंध असलेले अमेरिकन गणिताचे प्राध्यापक. गणितासाठीची ब्रेल लिपी त्यांनी घडवली, ती १९५२ मध्ये आली. त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारे लोक डोळस होते, आणि त्यांचं वाचन ऐकून नेमेथना ओळ नेमकी उभी करता येईना. म्हणून त्यांनी वाचनाचे नियम बसवले: अपूर्णांक कुठे सुरू झाला, छेद कुठून, अपूर्णांक कुठे संपला, हे प्रत्येक वेळी बोलून दाखवायचं. आज संगणक अंध वाचकांना सूत्रं ऐकवतो त्यामागे त्यांच्या या नियमांचा मोठा आधार आहे.

मराठीत असे ठरलेले नियम मी कुठे पाहिलेले नाहीत, आणि त्यांची गरज किती आहे ते एका ओळीत कळतं. "सहा अधिक चार छेद दोन" असं आत्ता कुणाला तरी ऐकवा आणि उत्तर विचारा. काही जण ८ सांगतील, काही ५, आणि दोघांचंही ऐकणं चुकलेलं नसेल. वाचन अपुरं होतं. 'छेद' हा शब्द डाव्या बाजूला किती दूरपर्यंत पोचतो ते सांगत नाही. मराठीची विभक्ती मात्र ते चोख सांगते. सहा आणि चार यांच्या बेरजेला दोनाने भागलं: पाच. सहामध्ये चाराचा अर्धा मिळवला: आठ. दोन्ही वाक्यं अंधारात, फोनवर, पाठीमागच्या बाकापर्यंत सारखीच ऐकू जातात.